कोणी भेटलं नाही

मंगळवार, ६ फेब्रुवारी

चिंगे,

वर ती बाई मलाच विचारते, "ताई, आज तुम्ही गप्प गप्प का?" तिनं मध्ये कुठे श्वास घेतला असता तर मी बोलले असते. बसमध्ये बसल्यापासून जो तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला तो परत आमच्या जिन्यात येईपर्यंत. आशीर्वाद शेवटी देईन, तोवर राग उतरला तर. आधी मला हे सांग, माझ्या खालच्या मजल्यावरच्या बाईला पत्र लिहून "माझ्या वहिनीला दर मंगळवारी फिरायला सोबत करा" असं सांगायला तुला कोणी सांगितलं होतं? मी सांगितलं होतं? माझ्या चालण्यात काय खोट दिसली तुला?

सगळी बिल्डिंग तिला रेडिओ म्हणते ते तुला ठाऊक आहे. तू इथे आली होतीस तेव्हा पाणी भरायला खाली गेलीस आणि जेवायच्या वेळी वर आलीस. तरी तीच सापडली तुला.

सकाळी मी पाव, उकडलेलं अंडं आणि पाण्याची बाटली पिशवीत टाकून निघाले, तर ही जिन्यात उभी. पायात नवे बूट, हातात छत्री, डोक्याला रुमाल. म्हणाली, चला. मी म्हटलं, कुठे? म्हणाली, "तुमच्या नणंदेनं मला सगळं लिहिलंय. तुम्ही आता काही काळजी करू नका, मी आहे."

शेवटच्या थांब्यावर उतरलो. तिथून कालव्याच्या कडेनं पायवाट निघते, दोन्हीकडे शेतं. कालव्यात एक राखाडी पक्षी उभा असतो, लांब मानेचा. मी आले तरी तो उडत नाही. आम्ही एकमेकांकडे बघतो आणि आपापल्या कामाला लागतो. आज आम्ही वळणावर पोचायच्या आधीच तो उडून गेला. रेडिओ तेव्हा सुनेवर होती. मग पित्ताशयावर आली. मग ते काढलं त्या डॉक्टरवर. पुढे छोटा पूल लागतो, तिथे मी थांबते, खाली पाण्यात गवत हलत असतं ते बघते. आज पुलावर तिनं मला विचारलं, "इथे बघण्यासारखं काय आहे हो?" मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, "मग चला." अर्धं अंडं तिला दिलं. डॉक्टरनं बंद केलंय म्हणाली आणि खाल्लं.

चिंगे, मी आठवड्याचे सहा दिवस हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालते. तुला माहीत आहे, पण माहीत असून कळलेलं दिसत नाही. मोठ्या चादरीला दोन माणसं लागतात. दोन टोकं समोरचीच्या हातात, दोन माझ्या. ती पुढे येते, मी पुढे येते, हाताला हात लागतो, पुन्हा मागे. मग पुढची चादर. दिवसभर माझ्यासमोर कोणाचं ना कोणाचं तोंड असतं. एक शिंकली की दुसरीच्या तोंडावर. त्या बायका चांगल्या आहेत, माझं काही म्हणणं नाही. पण मंगळवारी मला समोर तोंड नको.

तर तू तिला लिही. काय वाटेल ते लिही, वहिनीचं डोकं फिरलंय म्हणून लिही, पण तिला काढ. तू लावलीस, तूच काढ. मी तोंडावर सांगितलं तर जिन्यात जायची-यायची चोरी होईल.

आणि फोन करू नकोस. यंत्रांनी माझे कान अर्धे खाल्लेत. फोनवर तू काय बोलतेस ते कळत नाही आणि मी उगाच हो हो म्हणत बसते. नंतर कळतं कशाला हो म्हटलं ते.

राग उतरला नाही. तरी आशीर्वाद.

वहिनी

&nbsp;

रविवार, ११ फेब्रुवारी

वहिनी, नमस्कार.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा नाही हसले.

मी तुझ्या पत्रांविषयीच बोलते. दर आठवड्याला तुझं पत्र येतं. चार ओळी. "बरी आहे. चादरी फार होत्या. मंगळवारी फिरून आले. कोणी भेटलं नाही." पुढच्या आठवड्यात, "गुडघा बरा आहे. नळाचं काम झालं. फिरून आले. कोणी भेटलं नाही." शेवट ठरलेला. दादा गेल्यापासून मी ही ओळ वाचते आहे, वहिनी. दुकानातून घरी येते, चपलाही काढत नाही, आधी पाकीट फोडते, आणि शेवटच्या ओळीवर रडू येतं. ज्या बाईच्या घरात कधी दार बंद नसायचं, दादाच्या सायकलच्या दुकानातली सगळी माणसं चहाला वर यायची, ती आता सुट्टीच्या दिवशी शेताडीत एकटी हिंडते आणि कोणी भेटलं नाही म्हणून मला कळवते. मी काय करायला हवं होतं? वाचून घडी घालून ठेवायला हवं होतं?

शिवाय तुझे कान. तूच लिहितेस अर्धे गेलेत. मागून ट्रॅक्टर आला तर? पाय घसरला तर? तिथे कोण आहे ऐकायला? रेडिओबाई बोलतात, मान्य. पण त्या हाका तरी मारतील, आणि त्यांची हाक तुला ऐकू जाते एवढं तर नक्की.

तू तिथे का जातेस ते मला कळतं. घरात दादाची प्रत्येक वस्तू समोर येते, म्हणून तू बाहेर जाऊन त्याच्याशी बोलतेस. बोल. पण एकटीनं नको.

लेक शिकायला गेल्यापासून आमची मागची खोली रिकामी आहे. खिडकी पूर्वेला आहे, सकाळी ऊन येतं. आम्ही सगळे तुझी वाट बघतोय. हे तर रोज म्हणतात, "वहिनींना एकदाचं घेऊन ये." घडीचं काम इथल्या हॉस्पिटलातही असेल, नाहीतर करू नकोस काम. इतकी वर्षं केलंस.

आता मी सरळ सांगते, रागाव किंवा नको रागावू. एक तर रेडिओबाई तुझ्याबरोबर येतील, नाहीतर पुढच्या महिन्यात मी स्वतः येऊन तुझं सामान बांधते. तिसरं काही नाही.

इकडे बरंच काय काय चाललंय. चष्म्याच्या दुकानात नवं यंत्र आलंय, त्यात डोळा लावला की लांबवर एक लाल घर दिसतं, आधी धूसर, मग स्वच्छ. गिऱ्हाईक नसलं की मीच बघत बसते. समोरच्यांनी दाराचा रंग बदलला. आमच्या गॅलरीतल्या कुंडीत काहीतरी आपोआप उगवलंय, मी काढलं नाही. संध्याकाळी त्याला पाणी घालते. तुला अजून पुष्कळ सांगायचंय, पण पान संपलं, मागच्या बाजूलाही लिहून झालं.

तुझी,
चिंगी

&nbsp;

गुरुवार, १५ फेब्रुवारी

चिंगे,

डोकं धरून बसले. "कोणी भेटलं नाही" ही तुला तक्रार वाटली?

अगं ती बातमी होती. चांगली बातमी. तुझी लेक पास झाली की तू लिहितेस, तशी. मला शाळेत चार बुकंही धड झाली नाहीत, मला फुलवून लिहिता येत नाही. चांगलं झालं ते मी एका ओळीत लिहिते आणि शेवटी लिहिते, म्हणजे वाचणाऱ्याच्या तोंडात गोड राहील. आणि तू तिथे येऊन रडायचीस. दोन वर्षं. एकदा विचारायचं नाही का, वहिनी, कोणी भेटलं नाही म्हणजे बरं की वाईट?

मग आता लांब लिहिते, सोस.

तुझा दादा गेला त्यानंतरच्या हिवाळ्यात एकदा ड्युटीवरून येताना बसमध्ये डोळा लागला. उठले तर शेवटचा थांबा. ड्रायव्हर म्हणाला, परतीची गाडी आता तासानं. थांब्यावर बाकडंसुद्धा मोडकं होतं. समोर कालवा दिसला, म्हटलं कडेकडेनं गावाकडे चालू लागू, पुढच्या थांब्यावर बस धरू. चालले. थोडं पुढे गेल्यावर एकदम लक्षात आलं की मी आत्ता कुठे आहे ते जगात कोणालाच ठाऊक नाही. लाँड्रीला वाटतंय घरी पोचली, बिल्डिंगला वाटतंय कामावर आहे. आधी भीती वाटली. मग, कसं सांगू, दिवसभर डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल सोडला की डोक्याला वारा लागतो ना, तसं झालं.

तेव्हापासून जाते. तिथे काय करते विचारशील. काही नाही करत. कधी हळू चालते, कधी जोरात, कोणाच्या पायाशी पाय जुळवायचा नाही. एका कुंपणापाशी घोडा असतो, म्हातारा, पांढऱ्या पापण्यांचा. त्याच्याकडे बघत उभी राहते. किती वेळ ते माहीत नाही, घड्याळ घरी ठेवते. माती नुकती नांगरलेली असली की तिच्या वासानं भूक लागते. मग बसून पाव खाते, आणि असा लागतो की घरी कधी लागला नाही. यंत्रांची घरघर माझ्या कानात बारा महिने असते, झोपेतही. पुलाच्या पुढे गेलं की ती कधीतरी थांबते. थांबली ते लगेच कळत नाही. वाऱ्यानं पिकाची पानं एकमेकांना घासतात ते ऐकू आलं की मग कळतं. मी गातेही. मी गाते हे तुला ठाऊक नव्हतं ना? मलाही नव्हतं. शब्द येत नाहीत, चाल येत नाही, तरी गाते. घोड्यानं अजून तक्रार केलेली नाही. आणि ट्रॅक्टर पायांना कळतो, जमीन हलते.

आता तुझ्या दादाचं. तू लिहितेस मी तिथे जाऊन त्याच्याशी बोलते. चिंगे, तिथे मला त्याची आठवणसुद्धा येत नाही.

घरात येते. जिन्यात येते, बसमध्ये येते, चादरींच्या घड्या घालताना येते. त्याच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत जायचं तर अर्धा दिवस जायचा, प्रत्येक माणूस त्याला थांबवायचा आणि हा थांबायचा. मी पिशवी घेऊन बाजूला उभी. तो गेल्यावर तीच सगळी माणसं मला थांबवायला लागली. अजून थांबवतात, "फार चांगला माणूस होता हो." होताच. मला ठाऊक नाही काय? पण त्या कालव्यावर तो कधी आला नव्हता. तिथे तो नाही, आणि तो नाही म्हणून कोणी मला विचारतही नाही. तेवढा वेळ मी कोणाची बायको नाही, कोणाची विधवा नाही, कोणाची वहिनीही नाही. नुसती चालणारी बाई. आणि मला ते फार आवडतं. हे मी तुझ्याशिवाय कोणाला सांगितलं नाही.

सामान बांधायला येऊ नकोस. तू गाठी मारशील तशी मी एकेक सोडत जाईन. रेडिओला पत्र लिही.

वहिनी

&nbsp;

गुरुवार, १४ मार्च

चिंगे,

महिना झाला, तुझं पत्र नाही. टपालवाला मला बघून दुसऱ्या बाजूनं जातो, त्याला वाटतं मी त्याला खाईन.

दादाबद्दल लिहिलं ते लागलं असणार. मी ते मागे घेत नाही, खरं होतं ते. पण एवढं लागेल असं वाटलं नव्हतं.

रेडिओ अजून येते. तिला नवे बूट चावले, म्हणून आता ती शेवटच्या थांब्यावरच बसते. बाकडं दुरुस्त झालंय. मी एकटी जाऊन येते, ती तिथे ड्रायव्हर लोकांचं डोकं खाते. "तुमच्या नणंदेला शब्द दिलाय" म्हणते, म्हणून उठत नाही. तू सांगितल्याशिवाय ती ऐकायची नाही.

तब्येत बरी आहे ना? तेवढं तरी कळव.

वहिनी

&nbsp;

बुधवार, २० मार्च

वहिनी, नमस्कार.

तब्येत बरी आहे. पत्र लागलं, हे खरं. तू त्याची बायको होतीस, पण तो माझा भाऊ होता, आणि जगात अशी एक जागा आहे की जिथे तो आठवत नाही, आणि ती जागा तुला आवडते, हे वाचून मी कागद कपाटात टाकला आणि कपाट लावून घेतलं. मग बरेच दिवस गेल्यावर वाटलं, खोटं लिहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं का? तेही नसतं वाटलं.

जाऊ दे. इकडे सगळे मजेत. यांचं काम जोरात चाललंय. रात्री जेवताना तुझी आठवण निघते. घरात नुसता गोंधळ असतो गं, टीव्ही एकीकडे, रेडिओ एकीकडे, कोणाचं कोणाला ऐकू जात नाही. मागच्या खोलीला मी रंग दिला, फिकट पिवळा, तुला आवडतो तसा. स्वतः दिला. दोन रविवार लागले. पडदेही शिवले. उशाही शिवल्या, एक लांब आणि एक आखूड झाली, लांब तू घे.

एक सांगू, रागावू नकोस. एकटं असण्यात सुख आहे असं म्हणणारी माणसं बहुतेक अशी असतात की ज्यांच्या जिन्यात कोणीतरी बूट घालून उभं असतं. ज्यांना घरी येऊन आपणच दिवा लावायचा असतो, ज्यांनी सकाळी टेबलावर ठेवलेला कप संध्याकाळी तिथेच तसाच असतो, ती तसं म्हणत नाहीत. असं लोक म्हणतात. मी आपलं ऐकलेलं सांगते.

रेडिओबाईंना लिहिलंय मी. "येऊ नका" असं नाही लिहिलं. त्या फार चांगल्या आहेत. गुडघ्याला लावायचं तेल त्यांनी मला कळवलं.

ये ना. पडद्याला दोऱ्या घालायच्या राहिल्यात, तू आलीस की घालू. आणखी काय बरं, हां, कुंडीतलं ते रोप आता हातभर झालंय, फूल नाही अजून. आणि दुकानातल्या त्या यंत्राचं तुला लिहिलं का? लिहिलं वाटतं.

तुझी,
चिंगी

&nbsp;

मंगळवार, २६ मार्च

चिंगे,

आज बसमध्ये रेडिओ म्हणाली, "बिचारीला घर खायला उठतं हो." मी म्हटलं, कोणाला? म्हणाली, "तुमच्या नणंदेला. मिस्टर तिकडे लांब पुलाच्या कामावर, आता वर्ष होईल. मुलगी बाहेर. एकटी पोर काय करणार." मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. तिला वाटलं मला ऐकू आलं नाही, म्हणून तिनं तेच पुन्हा मोठ्यानं सांगितलं. अख्ख्या बसला कळलं.

जेवताना माझी आठवण कोण काढतं? गोंधळ कोण घालतं? टीव्हीशी रेडिओ भांडतो, दुसरं घरात आहे कोण?

मला नाही सांगितलंस, तिला सांगितलंस. जिला तू दोनदा पाहिलंस. मला चार पानं लिहितेस आणि तिला सहा, ती मला मोजून दाखवते, वर म्हणते, "किती माया आहे." मला आधीच कळायला हवं होतं. भरल्या घरातल्या बाईला एवढं लांब लिहायला वेळ कुठून होणार? तुझ्या लग्नानंतर पहिली दहा वर्षं तुझी पत्रं माझ्याएवढीच असायची. "दूध उतू जातंय, पुरे करते." मी वाचत होते, कुंडी, पडदे, समोरच्यांचं दार, आणि म्हणत होते, पोरीला सुचतं किती.

मीही आंधळीच. तू माझी शेवटची ओळ उलटी वाचलीस, मी तुझी अख्खी पत्रं उलटी वाचली.

खरं लिही. नवऱ्याशी काही बिनसलंय का? लपवू नकोस, मी तुझ्या केसांतल्या उवा काढल्यात, माझ्यापासून काय लपवणार आहेस.

वहिनी

&nbsp;

रविवार, ३१ मार्च

वहिनी,

काही बिनसलेलं नाही. तेच तर आहे. ते चांगले आहेत, रोज संध्याकाळी फोन करतात, काम संपलं की येतील, पण एक पूल संपतो तोवर दुसरा निघतो. लेक खुशीत आहे. मी तुला दुःख तरी काय सांगू? तुझा नवरा मेला आणि माझा पुलावर आहे. तुला लिहायला बसले की लाज वाटायची. रेडिओबाईंना लिहिताना वाटायची नाही, का ते माहीत नाही.

दुपारी दुकानातून येते. दोन्ही खोल्यांत काहीतरी लावून ठेवते, आवाज हवा म्हणून. उभ्यानंच जेवते. बाहेर म्हणशील तर दुकान आणि घर, बस. रस्त्यानं चालताना फोन कानाला लावून ठेवते, पलीकडे कोणी नसलं तरी. मधेमधे "हो, हो" म्हणते. लोकांना वाटावं की हिचं कोणीतरी आहे. एकदा तसं बोलत असतानाच खरा फोन वाजला, कानातच, आणि समोरून येणारा माणूस माझ्याकडे बघत राहिला.

मागची खोली मी तुझ्यासाठी रंगवत नव्हते. तुला एकटं वाटू नये म्हणून बोलावत नव्हते. तुला कळलंच असेल.

तुझं ते लांब पत्र मी पुन्हा पुन्हा काढून वाचते. घोडा, पाव, माती. तुला हे कसं येतं? मी घराबाहेर एकटी पडले की मला वाटतं सगळे बघतायत, आणि घरात एकटी असले की वाटतं कोणीच बघत नाही. दोन्ही सोसवत नाही.

ये ना, वहिनी. कायमची नाही तर पावसाळ्यापुरती तरी ये. दार उघडलं की आत कोणी असावं, बाकी मला काही नको.

चिंगी

&nbsp;

बुधवार, ३ एप्रिल

चिंगे,

काल पुलावर बसून तुझं पत्र वाचलं. घोडा बघायचा राहिला.

मी येते असंही म्हणत नाही आणि नाही असंही म्हणत नाही. नुसतं येते म्हटलं तर काय होईल ते मला दिसतंय. तू मला दारात बघून खूश होशील, मी तुझ्या पिवळ्या खोलीत बसून खिडकीतून समोरच्यांचं दार बघेन, आणि सहा महिन्यांत आपण एकमेकींच्या उरावर बसू. मी रागीट आहे. तू रडतेस. दोघी एकाच खोलीत मावत नाही.

म्हणून आधी तू इकडे ये. सोमवारी, पंधरा एप्रिलला संध्याकाळी पोच. जेवून झोप. मंगळवारी सकाळी मी तुला पाव आणि अंडं बांधून देते, आणि तू बसनं शेवटच्या थांब्यावर जा. एकटी. मी येणार नाही, लांबूनही नाही. रेडिओला मी सकाळपासून वर बोलावून ठेवते. तिचं पित्ताशय पुन्हा पहिल्यापासून ऐकेन, पण तिला खाली सोडणार नाही.

उतरलीस की कालवा उजव्या हाताला ठेव. फोन माझ्याकडे ठेवून जा. पहिल्यांदा वाटेल सगळे बघतायत. तिथे बघायला कोणी नाही, तो राखाडी पक्षी सोडून, आणि त्याला तुझं काही पडलेलं नाही. पुलापर्यंत तुला धडधडेल. मलाही धडधडायचं. पाय आपोआप भरभर पडतात, कोणी मागे लागल्यासारखे. पडू देत. पुलावर थांब, पाण्यातलं गवत बघ. बघण्यासारखं काही नाही, तरी बघ. त्याच्या पुढे मी काही सांगत नाही, तुझं तुला सापडेल. दादा आठवला तर आठवू दे. तो तुझा भाऊ आहे, तिथे तो तुला भेटला तरी माझं काही म्हणणं नाही. वाट माझ्या मालकीची नाही. कंटाळा आला तर मागे फीर. रडू आलं तर रड, तिथे कोणी विचारत नाही काय झालं म्हणून.

आणि परत येशील तेव्हा मी घरात असेन. जिना चढताना तुझ्या चपला मला ऐकू यायच्या नाहीत, म्हणून मी दार उघडंच ठेवते आणि दारात खुर्ची टाकून बसते. दिवा मी लावलेला असेल. तू काय बघितलं ते मी विचारणार नाही. जेवायला बस म्हणेन.

मग बुधवारी दोघी बसून खोलीचं ठरवू. तोवर तुला कळलेलं असेल की तुला वहिनी हवी आहे का दार उघडणारं माणूस. वहिनी हवी असेल तर पावसाळ्यात मी येते. तुझ्याकडे शहराच्या बाहेर कालवा नसेल तर नाला असेल, रेल्वेची कड असेल, मी शोधेन. दोघी आळीपाळीनं जाऊ. पण आधी हा मंगळवार तुझा. माझा असतो तो मी तुला देते आहे, दुसऱ्या कोणाला दिला नसता, तुझ्या दादालाही नसता दिला.

मंगळवारची सुट्टी माझी आहेच. बुधवारची मागावी लागेल, आणि घडीच्या टेबलावर माझ्या जागी उभं राहायला बदली बाई शोधावी लागेल. सुपरवायझर शनिवारी, तेरा तारखेला सकाळी पुढच्या आठवड्याच्या ड्युट्या लावते आणि त्यानंतर देवाचंही ऐकत नाही. तेव्हा येतेस की नाही ते लिही. शुक्रवारी, बारा तारखेच्या टपालानं, मला तुझं उत्तर माझ्या हातात हवं.

वहिनी